मोहीम मुलींची, तयारी कुणाची?

आपल्याकडे महाविद्यालयातील मुलींना सहलीला ‘नेतात’. या क्रियापदाकडे जरा लक्ष द्यावे. गाडी कोणती, मुक्काम कोठे, जेवण किती वाजता, परतायचे केव्हा, हे सारे कोणीतरी अगोदरच ठरवून ठेवलेले असते. मुलींनी वर्गणी भरायची, पालकांच्या सहीचे पत्र आणायचे आणि खिडकीजवळची जागा धरायची. सहलीपुरते हे ठीकच आहे. दोन दिवसांच्या मौजेसाठी प्रत्येकीने नकाशा उलगडून बसावे असे कोणी म्हणणार नाही. पण आठ-पंधरा दिवस नदीतून होडीने जायचे, रात्री काठावर राहुटी ठोकायची, वाटेत दुकान नाही, दवाखाना नाही, अशा मोहिमेला कुणी कुणाला नेऊ शकत नाही. तेथे जाणारीला सगळे स्वतःच जाणून घ्यावे लागते. आणि नेमके हे जाणून घेण्याची संधी आपण मुलींना देत नाही, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठी संपादकांनी ही पाने दिली, त्याबद्दल त्यांची आभारी आहे.

मी आपल्याच महाविद्यालयाची जुनी विद्यार्थिनी. लग्न होऊन ग्वाल्हेरला आले आणि तेव्हापासून गोरखीच्या परिसरातच राहिले. दौलतराव शिंद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे छावणी टाकली, म्हणून या शहराला लष्कर म्हणतात. महाराज बाड्यावरचा गोरखी महाल हे त्यांचे जुने राहते घर. पुढे महालाच्या आवारात शाळा आणि सरकारी कचेऱ्या आल्या. अटलबिहारी वाजपेयी गोरखीच्या शाळेत शिकले, हे येथला प्रत्येक रिक्षावाला पाहुण्याला सांगतो. आसपासच्या गल्ल्यांत अजून मराठी घरे आहेत. आमची मराठी ऐकून तुम्हाला हसू येईल. येथे मंडळी ‘जाऊन राहिली’ असतात आणि भाजीची ‘सब्जी’ होते. पण गणपती बसतात, हळदीकुंकू होते आणि मुलींच्या बाबतीतली काळजी तर अगदी बेळगाव-धारवाडकडच्या घरांसारखीच आहे.

पाण्याच्या बाबतीत मात्र ग्वाल्हेर गरीब. १८५८ साली राणी लक्ष्मीबाईंचा घोडा ज्या ओढ्याशी अडला असे सांगतात, तो स्वर्णरेखा आज शहराचा नाला होऊन बसला आहे. शहराला पाणी मिळते ते सांक नदीवरच्या तिघरा धरणाचे. हे धरण १९१७ साली फुटले आणि पुन्हा बांधावे लागले. कन्नड विभागाच्या वाचकांना ऐकून बरे वाटेल की, विश्वेश्वरय्यांनी पुण्याजवळच्या खडकवासल्याला जे स्वयंचलित दरवाजे प्रथम बसवले, तेच पुढे तिघऱ्याला आणि मग कृष्णराजसागरलाही बसले. तुमच्याआमच्यात असा पाण्याचा एक धागा आहेच.

आता विषयाकडे येते. आमच्या गल्लीतल्या चार मुलींनी, सगळ्या महाविद्यालयात शिकणाऱ्या, चंबळ नदीतून कॅनूने जायचे ठरवले आहे. कॅनू म्हणजे लांबट, उघडी, हलकी होडी; गुडघ्यावर किंवा आडव्या फळीवर बसून एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायची. मुरैना आणि धौलपूर यांच्यामधल्या पुलापाशी पाण्यात उतरायचे आणि यमुनेच्या संगमाच्या दिशेने सात-आठ दिवस जायचे, असा बेत. मुली माझ्याकडे आल्या त्या नकाशा मागायला. त्यांच्यातल्या एकीच्या आजी त्या वेळी माझ्याकडेच बसल्या होत्या.

‘चंबळ? बाई गं, तिथं आहे काय? डाकू नि मगरी.’

‘डाकू गेले, आजी. मगरी आहेत.’

उत्तर खरे होते. जयप्रकाश नारायणांच्या प्रयत्नाने १९७२ साली जौरा येथे डाकूंनी शस्त्रे ठेवली, १९८३ साली भिंडला फूलनदेवी शरण आली, आणि आज तेथे भीती असलीच तर ती चोरून वाळू नेणाऱ्या ट्रॅक्टरांची. मगरींचे म्हणाल तर चंबळेत दोन जाती आहेत. लांब निमुळत्या तोंडाची सुसर, म्हणजे घडियाल. ती मासे खाते, माणसाच्या वाटेला जात नाही. आणि रुंद जबड्याची मगर. तिच्यापासून मात्र जपून राहायला हवे. या सुसरींसाठीच १९७८-७९ पासून नदीचा मोठा पट्टा अभयारण्य झाला. हिवाळ्यात वनखात्याची माणसे होडीतून जाऊन त्यांची मोजणी करतात. म्हणजे चंबळेत होडी चालते, जाणाऱ्याला ती जाऊ देते. प्रश्न तयारीचा आहे.

पण त्या आठवड्यात चारही घरांत जी चर्चा झाली, ती ऐकून माझे मन विषयाच्या दुसऱ्याच बाजूकडे गेले. वडिलांनी विचारले, ‘बरोबर सर कोण आहेत?’ काकांनी विचारले, ‘पोलिसात कुणाची ओळख आहे का?’ मामींनी विचारले, ‘मुलं आहेत का बरोबर?’ आणि याच प्रश्नाला एका घरी ‘आहेत’ हे उत्तर वाईट ठरले असते, तर दुसऱ्या घरी ‘नाहीत’ हे. ‘तुला पोहता येते का?’ हा प्रश्न मात्र चारांपैकी एकाही घरात कुणी विचारला नाही. चौघींपैकी एकीलाच येत होते.

हे अपघाताने घडलेले नाही. पाण्याशी बाईचा संबंध आपल्या समाजात पहाटेपासून रात्रीपर्यंत असतो. विहिरीवरून, नळावरून पाणी आणायचे तिने, नदीवर धुणे न्यायचे तिने. पण विहिरीत उडी मारून पोहायला शिकायचे ते तिच्या भावाने. कंबरेला वाळका भोपळा बांधून वा गड्याच्या पाठीवर बसून खेड्यातला पोरगा सात-आठ वर्षांचा होईतो पोहू लागे. मुलगीही कधीमधी शिके, पण ‘मोठी झाली’ की तिचे पोहणे बंद. भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून नदी उतरायचे जे साधन, त्याला सांगड म्हणतात. आपण रोज ‘सांगड घालतो’, पण तो शब्द पाण्यातला आहे हे विसरून गेलो आहोत. कोल्हापूर-सांगलीकडे पुराच्या वेळी गुऱ्हाळातली काहील होडीसारखी वापरून माणसे पलीकडे नेतात. तुंगभद्रेवर कातड्याने मढवलेल्या वेताच्या गोल हरिगोलू होत्या. या सगळ्यांत बसून बायका हजार वेळा पलीकडे गेल्या असतील. वल्हे मात्र दुसऱ्याच्या हातात असे.

ते मुलीच्या हातात दिल्यावर काय होते, हे पाहायला आम्हाला लांब जावे लागत नाही. प्राची यादव आमच्या ग्वाल्हेरची. कमरेखालच्या अपंगत्वासह ती वाढली. आधी पोहायला शिकली, आणि लांब हात पाहून तिच्या पोहण्याच्या प्रशिक्षकांनी तिला कॅनूकडे वळवले. मग भोपाळच्या तलावावर तिचा सराव सुरू झाला. २०२१ साली टोकियोला झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये या खेळात उतरलेली ती पहिली भारतीय, आणि अंतिम फेरीपर्यंत गेली. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिला एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळाले. ती ज्या ‘व्हा’ नावाच्या होडीत बसते, तिला एका बाजूला तोल राखणारे लाकूड असते. कोकणातल्या उलांडीच्या होडीची ती दूरची बहीणच म्हणायची. शेजारच्या भिंडची पूजा ओझा २०२४ साली पॅरिसला याच खेळात उतरली. तिचा सराव सुरू झाला तो भिंडच्या गौरी सरोवरात. भिंड म्हटले की लोकांना बंदूक आठवते. त्या गावाने तळ्यात होडी सोडली, आणि मुलगी पॅरिसला गेली. शहर मोठे लागत नाही, नदीही लागत नाही. एक तळे आणि त्यावर मुलींना येऊ देणारी माणसे लागतात.

कोणी म्हणेल, दोनशे मीटरची शर्यत वेगळी आणि निर्जन नदीतला आठ दिवसांचा प्रवास वेगळा. मान्य आहे. लांबच्या प्रवासात वेगाला किंमत नाही. चिकाटी, अंदाज आणि भांडण न करता एका राहुटीत राहण्याची कला, या गोष्टी तेथे लागतात. पण असे प्रवासही आपल्याकडच्या बायकांनी केले आहेत. एव्हरेस्टवर १९८४ साली पोहोचलेल्या बचेंद्री पाल यांनी दहा वर्षांनी, १९९४ साली, अठरा जणींची तुकडी रबरी तराफ्यांतून हरिद्वारहून कलकत्त्यापर्यंत गंगेतून नेली. ३९ दिवस लागले. २०२४ साली सीमा सुरक्षा दलाच्या महिला जवान गंगोत्रीहून निघून गंगासागरपर्यंत गेल्या; सुमारे २३२५ किलोमीटर, ५३ दिवस. पर्वतावर चढणाऱ्या बाईचे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकात आले, नदी उतरणाऱ्या बाईचे अजून यायचे आहे.

तयारी म्हणजे काय, हे मात्र मला सर्वांत चांगले समजले ते एका जुन्या परदेशी उदाहरणावरून. कॅनडाच्या ईशान्येला लॅब्रॅडोर नावाचा ओसाड, थंड मुलूख आहे. १९०३ साली लिओनिडास हबर्ड नावाचा अमेरिकन लेखक दोन सोबत्यांसह कॅनूने तो ओलांडायला गेला. सरोवरातून ज्या नदीत शिरायचे तिच्याऐवजी ते भलत्याच लहान नदीत शिरले. दिवस वाया गेले, शिधा संपला आणि हबर्ड उपासमारीने मेला. त्याची पत्नी मीना ही परिचारिका. नवऱ्याचे काम पुरे करायचे म्हणून १९०५ च्या जूनमध्ये ती स्वतः निघाली. त्याच वेळी, त्याच ठिकाणाहून, हबर्डचा वाचलेला सोबती डिलन वॉलेसही वेगळी तुकडी घेऊन निघाला, आणि वर्तमानपत्रांनी त्याची शर्यत करून टाकली. मीना ऑगस्टच्या अखेरीस उंगावा उपसागराशी पोहोचली. वॉलेस पोहोचला तो ऑक्टोबरात.

ती पुढे गेली कशी? ती त्याच्याहून बळकट नव्हती. तिने माणसे निवडताना नदीवर वाढलेली माणसे निवडली. जॉर्ज एल्सन हा पहिल्या मोहिमेतून वाचलेला वाटाड्या तिच्या बाजूला होता. शिधा भरपूर घेतला. अक्षांश काढण्याचे सेक्स्टंट यंत्र घेतले आणि ते वापरले. तिने काढलेला नदीचा नकाशा पुढे भूगोलाच्या संस्थांनी मानला. पोशाखाचाही विचार केला होता, तोकडा स्कर्ट आणि खाली गुडघ्यापर्यंतची विजार. आपल्या नऊवारीच्या काष्ट्यामागचा हिशेब याहून निराळा नाही. एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. एके दिवशी ती एकटीच टेकडीवर चढून गेली, तर बरोबरचे पुरुष घाबरून गेले आणि मग तिच्यावर पहारा बसला. मोहिमेची प्रमुख ती, पगार देणारी ती, तरी ‘बरोबर कोण आहे?’ हा प्रश्न लॅब्रॅडोरपर्यंत तिच्या मागे गेलाच.

शंभर वर्षांनंतरचे उदाहरण २०११ सालचे. अमेरिकेतल्या मिनेसोटात नताली वॉरेन आणि ॲन रायहो या दोन मैत्रिणी महाविद्यालय संपवून लगेच कॅनूने हडसन उपसागराकडे निघाल्या आणि सुमारे दोन हजार मैल गेल्या. १९३० साली दोन मुलांनी हीच वाट केली होती. त्या मुलींची तयारी महाविद्यालयात असतानाच चालू होती, आणि त्याआधी शाळेच्या वयात मुलींच्या शिबिरांतून त्यांनी आठवड्याचे, महिन्याचे होडीप्रवास केलेले होते. माझा मुद्दा एवढाच की, दोन हजार मैलांची मोहीम एका उन्हाळ्यात उगवत नाही. तिच्यामागे दोन दिवसांचे, चार दिवसांचे प्रवास असावे लागतात, आणि ते घडवून आणणारी एखादी संस्था असावी लागते.

आपल्या भागातलेच उदाहरण हवे असेल तर तेही आहे. खानापूर तालुक्यातून निघणारी म्हादई. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र तिच्या पाण्यावरून भांडत असतात. तिचेच नाव घेतलेल्या नौदलाच्या ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे वर्तिका जोशी आणि तिच्या पाच सोबतिणी शिकल्या त्या याच होडीवर, दोंद्यांच्या हाताखाली. आधी मॉरिशसपर्यंत, मग केपटाउनपर्यंत. त्यानंतर कोठे १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ निघाली आणि २१ मे २०१८ रोजी परत आली. परतीच्या वाटेवर सुकाणूची यंत्रणा बिघडली आणि मॉरिशसला थांबावे लागले. तेव्हाची आपली वर्तमानपत्रे हारतुऱ्यांच्या छायाचित्रांनी भरली होती. त्याआधीचे वर्ष-दीड वर्ष या मुली गोव्याच्या धक्क्यावर दोर वळत, शिडे शिवत, इंजिन खोलत होत्या, त्याचे छायाचित्र कोणी फारसे छापले नाही.

असो. आमच्या गल्लीतल्या चौघींसाठी आम्ही काय काय लिहून काढले, त्यातले थोडे येथे देते, कारण ‘तयारी’ हा शब्द नुसता उच्चारून काही होत नाही.

पहिले अर्थातच पोहणे. पण पोहणे म्हणजे तलावात चार फेऱ्या मारणे नव्हे. अंगात कपडे आणि लाइफ जॅकेट असताना पाण्यात राहता आले पाहिजे, आणि होडी मुद्दाम उलटवून परत तिच्यात चढता आले पाहिजे. हे तिघऱ्यासारख्या स्थिर पाण्यात, काठाजवळ, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली इतक्या वेळा करायचे की कंटाळा यावा. पहिल्यांदा होडी उलटते तेव्हा माणूस गोंधळतो. तो गोंधळ तळ्यात संपवावा, नदीसाठी ठेवू नये. ओढणी, साडी, जाड जीन्स यांना होडीत जागा नाही. भिजलेले सुती कापड जड होते आणि थंडीत अंगातली ऊब शोषून घेते.

दुसरे शिध्याचे गणित. चौघी आणि आठ दिवस, म्हणजे बत्तीस माणशी-दिवस. कोरडा शिधा माणशी सहाशे ग्रॅम धरला तर सव्वाएकोणीस किलो होतो, वर दोन दिवसांचा जादा धरावा. गंमत म्हणजे हे गणित सोडवताना मुलींपेक्षा त्यांच्या आयाच पटापट पुढे गेल्या. भाजणी, मेतकूट, सातूचे पीठ, पोहे, गूळदाणे, डाळतांदूळ. काय टिकते, कशाला पाणी कमी लागते, काय न शिजवता खाता येते, हे त्यांना तोंडपाठ. ज्या बाई चार दिवस ‘नको गं बाई’ म्हणत होत्या, त्याच पाचव्या दिवशी मेथीच्या लाडवांचे वजन करत होत्या. मला वाटते, घरच्यांची परवानगी वाद घालून मिळत नाही; त्यांना कामात ओढल्यावर मिळते.

तिसरे, हंगाम. मार्च-एप्रिलमध्ये सुसरी वाळूत अंडी घालतात आणि पावसाच्या तोंडावर पिले बाहेर येतात. तेव्हा त्या काळात वाळूच्या पट्ट्यांवर मुक्काम करणे हा गुन्हाच समजावा. पावसाळ्यात तर जाऊच नये. राहिला हिवाळा. त्यातही जानेवारीचे धुके वाईट, काठ दिसत नाही. राहुटी पाण्यापासून दूर, उंचावर. संध्याकाळ झाली की पाण्यात पाय घालायचा नाही. मगरीला कॅलेंडर समजत नाही.

चौथे, पत्रव्यवहार. अभयारण्य आहे म्हणून वनखात्याची लेखी परवानगी हवी. नदी मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश यांच्या सीमेवरून जाते, म्हणून कोणत्या काठासाठी कोणाला विचारायचे हेही समजून घ्यावे लागते. वाटेतले पोलीस ठाणे, जवळचे इस्पितळ, रस्ता नदीपर्यंत कोठे येतो, ही यादी नकाशावर लिहावी लागते. मासिक पाळीच्या दिवसांचा विचार, त्यासाठीचे सामान आणि ते परत आणण्याची सोय हेही या यादीत हवे. याबद्दल कुजबुजत बोलण्याने कोणाचे भले होत नाही. आणि शेवटी एक कागद, ज्यावर आधीच लिहून ठेवायचे की कोणत्या परिस्थितीत मोहीम सोडून परत फिरायचे. वारा इतका असेल तर, एकीला ताप आला तर, दुपारी तीनपर्यंत ठरलेल्या जागी पोहोचलो नाही तर. हा कागद घरी बसून, पोट भरलेले असताना लिहायचा असतो.

आता आक्षेपांकडे. ‘उद्या काही झाले तर जबाबदार कोण?’ हा आक्षेप प्राचार्यांचा असतो आणि तो खोटा नाही. महाविद्यालयीन सहलीतले विद्यार्थी बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. पण त्या बातम्या पुन्हा वाचून पाहाव्यात. बहुतेक वेळा ती मोहीम नसते. वाटेत पाणी दिसले, अंघोळीला उतरले, खोलीचा अंदाज नव्हता, एक बुडू लागला म्हणून न पोहणारा दुसरा धावला, अशी ती हकिकत असते. म्हणजे पाण्यापासून दूर ठेवल्याने संकट टळत नाही, ते फक्त अडाणी राहते. दांडेलीला काळी नदीवर आपल्यापैकी अनेकजण जाऊन आले असतील. तेथले पाणी वरच्या सुपा धरणातून किती सोडले यावर असते, हे किती जणांनी जाण्यापूर्वी विचारले होते?

दुसरा आक्षेप पैशाचा. चार मुलींसाठी दोन होड्या विकत घेणे कोणत्याही महाविद्यालयाला परवडणार नाही, आणि घेऊही नयेत. होड्या भाड्याने मिळतात, क्रीडाखात्याकडे असतात, एन.सी.सी.च्या नौदल शाखेत मुली मोठ्या वल्ह्यांच्या होड्या चालवतातच. खर्च खरा येतो तो शिकवणाऱ्यावर, आणि तेथे काटकसर करू नये. तिसरा आक्षेप अभ्यासाचा. नकाशावाचन, हवामान, जीवशास्त्र, हिशेब आणि तीन सरकारांना लिहिलेली पत्रे, हा अभ्यास नसेल तर अभ्यास कशाला म्हणायचे ते प्राध्यापक मंडळींनी मला सांगावे.

मुलींनाही दोन शब्द ऐकवायचे आहेत, कारण सगळा दोष घरच्यांचा आणि प्राचार्यांचा नाही. मोहिमेची कल्पना छायाचित्रावरून करू नये. पहिल्याच दिवशी तळहाताला फोड येतात, दुसऱ्या दिवशी पाठ धरते, तिसऱ्या दिवशी मैत्रिणीचा आवाज नकोसा होतो. आमच्या चौघींपैकी एकीने हे ऐकून माघार घेतली, आणि तिने ते वेळेवर केले म्हणून मला तिचे कौतुकच वाटले. उरलेल्या तिघींनी दुसरी सोबतीण शोधली. ती शेतकऱ्याच्या घरची आहे, कालव्यात पोहायला शिकलेली आणि ट्रॅक्टर चालवणारी. तिला होडीची गाठ बांधायला शिकवावे लागले नाही, बैलाची दावण माहीत होती.

या वर्षी हिवाळ्यात त्या जातील की नाही, हे परवानगीवर आणि पोहण्याच्या परीक्षेवर अवलंबून आहे. परीक्षा घेणारे गृहस्थ कडक आहेत आणि त्यांनी तसेच राहावे. मला मात्र आपल्या महाविद्यालयापुढे एक मागणी ठेवायची आहे. प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थिनीला, क्रीडा विषय असो वा नसो, पोहणे आणि बुडणाऱ्याला काठावरून दोर टाकून वाचवणे शिकवावे. त्यातून ज्या पाच-सहा जणींना पुढे जायचे असेल त्यांना मलप्रभेवर वा एखाद्या जलाशयावर दोन दिवसांचा प्रवास स्वतः आखू द्यावा: नकाशा त्यांचा, शिधा त्यांचा, पत्रे त्यांच्या सहीची. बरोबर जाणाऱ्या प्राध्यापकांनी जरूर जावे, पण निर्णय घेण्यासाठी नव्हे, तर घेतलेला निर्णय घातक वाटला तर थांबवण्यासाठी. तलाव आपल्याकडे नाही, तर गावातल्या तरणतलावाशी बोलणी करावीत. आणि बोलणी करताना वेळेकडे लक्ष द्यावे. पुष्कळ ठिकाणी महिलांसाठी पहाटे साडेपाचची वेळ ठेवतात, आणि मुलींच्या वसतिगृहाचे फाटक सहाला उघडते.